कीर्तनकाराच्या दहाव्याला पिंड का? आणि 'वै.' म्हणजे नक्की कुठे?

सप्ताह_समिती

गावच्या सप्ताहात वर्षानुवर्षं कीर्तन करणारे महाराज वारले. गृहस्थ होते, माळकरी, दोन्ही वाऱ्या नेमाने. दहन झालं, राख सावडून झाली. येत्या गुरुवारी दहावा नदीच्या घाटावर. पत्रिका छापायला द्यायची आहे आणि तिथेच गाडं अडलंय.

निम्मे म्हणतात नावामागे 'वै.' लावा, निम्मे म्हणतात 'कै.' लावा. 'वै.' लावायचं तर महाराज वैकुंठाला पोचले असं आपणच छापून दिलं. मग गुरुवारी पिंड कोणासाठी मांडायचा आणि कावळ्याची वाट कोणासाठी बघायची? हा प्रश्न एका तरुण टाळकऱ्याने भर बैठकीत विचारला आणि सगळे गप्प झाले.

दुसरं, प्रवचनाला अभंग कोणता घ्यावा, वेळ किती ठेवावा? तिसरं जरा नाजूक आहे. महाराज शेवटचे पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते, शुद्ध नव्हती. जन्मभर 'अंतकाळी नाम' सांगणाऱ्याच्या तोंडी शेवटी नाम नव्हतं, त्यात दक्षिणायन चालू, ही बोच घरच्यांना लागून राहिली आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं. 'श्रद्धा ठेवा' एवढंच सांगायचं असेल तर ते आम्हालाही येतं.

निरूपण

आधी 'वै.'चं बघू. 'कै.' म्हणजे कैलासवासी, ते वर्तमानपत्रांनी सरसकट करून टाकलं. वारकरी मंडळी 'वै. ह.भ.प.' लिहितात, म्हणजे वैकुंठवासी हरिभक्तपरायण. तुमच्या टाळकऱ्याची शंका रास्त आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलंय. वैकुंठ म्हणजे मेल्यावर गाठायचं ठिकाण, हे ते गृहीत. तुकोबांचा अभंग काढून बघा, 'आम्ही वैकुंठवासी, आलो याचि कारणासी'. हे तुकोबा जिवंतपणी म्हणतात. वैकुंठ हा मूळ पत्ता, इथे कामासाठी आलेले. निर्याणाच्या अभंगातही 'आम्ही जातो आपुल्या गावा' असं आहे. आपुल्या गावा म्हणजे घरी परतणं, नव्या मुलखात जाणं नव्हे. तेव्हा 'वै.' लिहिताना तुम्ही कुणाच्या पोचण्याची पावती फाडत नाही, तो माणूस कुठला होता ते लिहिता. खुशाल लिहा.

अभंगाचं बोलायचं तर दहाव्याला तीन अभंग फार वापरले जातात, आणि त्यातला एक बहुतेक वेळा चुकीचा लावतात. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' हा देहाच्या मरणाचा अभंग नाही. मीपणा मेला आणि तो सोहळा जिवंतपणी पाहिला, असा त्याचा रोख आहे. तो घेऊन महाराजांच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन सुरू झालं की पाच मिनिटांत निरूपण भरकटतं, कारण पुढचं एकही चरण त्या वर्णनाला साथ देत नाही. 'याचिसाठी केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा' हा चांगला, पण व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढे घेऊ नका. 'गोड' हा शब्द टोचेल. तुमच्या बाबतीत 'आम्ही वैकुंठवासी' हाच घ्यावा. त्यात 'झाडू संतांचे मारग' आहे, कीर्तनकाराच्या आयुष्याचं काम तिथे आपोआप येतं, ओढूनताणून गुणगान करावं लागत नाही.

घाटावर प्रवचनच ठेवा, कीर्तन नको. कीर्तनाला दोन तास, उभे टाळकरी, पंचपदी, रूपाचा अभंग, मग सेवेचा अभंग. सकाळच्या घाटावर ते बसत नाही. कीर्तन हवंच असेल तर नवव्या रात्री घरासमोर. प्रवचन बसून, एक तास, त्यातही चाळीस मिनिटं धरून चला. उरलेली वीस श्रद्धांजलीची भाषणं खातात.

घाटावरचा

पिंडाबद्दल लिहितो, कारण खरी गल्लत तिथेच आहे.

दहा दिवसांचे पिंड वैकुंठासाठी नसतात, स्वर्गासाठीही नसतात. 'प्रेत' या शब्दाचा अर्थच पुढे निघालेला. देह गेला, नवा मिळालेला नाही, अशी मधली अवस्था. गरुडपुराणाच्या हिशोबाने एकेक दिवसाच्या पिंडाने त्याला एकेक अवयव मिळतो. पहिल्या दिवशी मस्तक, असं करत दहाव्याला भूक आणि तहान. म्हणून दहाव्याला खाण्याचं एवढं महत्त्व, आणि म्हणून कावळा. अकराव्याला एकोद्दिष्ट, म्हणजे एकट्या गेलेल्यासाठीचं श्राद्ध, बाराव्याला सपिंडीकरण. हा बाराव्याचा विधी एकदा जवळ उभं राहून बघाच. गेलेल्याचा पिंड लांबट वळतात, दर्भाने त्याचे तीन भाग करतात आणि त्याच्या बाप, आजा, पणजा यांच्या तीन गोल पिंडांत एकेक भाग मिसळून पुन्हा वळतात. ते झालं की 'प्रेत' हा शब्द संपला, तिथून पुढे 'पितर'. तेरावं ते निधनशांत आणि गोडजेवण.

महाराज गृहस्थ होते ना? मग हे सगळं आलं. माळ घालणं म्हणजे संन्यास घेणं नव्हे. संन्यासी दीक्षेच्या वेळी स्वतःचं श्राद्ध स्वतः करून मोकळा होतो, म्हणून त्याला दहन नाही, सपिंडीकरण नाही. बसवून भूसमाधी देतात, खड्डा मिठाने भरतात, किंवा जलसमाधी. वारकरी परंपरा मुळातच संसारी माणसांची. तुकोबा संसारी, नाथ संसारी, गोरोबा, सावतोबा संसारी. त्यामुळे 'महाराज होते, मग पिंड कशाला' हा युक्तिवाद शास्त्रात बसत नाही. दहन झाल्यावर समाधी बांधायची का, हा प्रश्न कुणी काढलाच तर स्मारक म्हणा, वृंदावन बांधा. समाधी म्हणू नका.

कावळ्याचं. तो न शिवण्याची कारणं दहातल्या नऊ वेळा इहलोकातलीच असतात. पिंडाभोवती माणसांचं कडं, डोक्यावर कर्णा, आणि उशीर. सकाळी भुकेला असलेला कावळा साडेनऊनंतर शेताकडे गेलेला असतो. पिंड मांडले की वीस पावलं मागे सरा, भोंगा बंद करा, मोबाइल घेऊन पुढे जाणाऱ्याला आवरा. पिंड पानावर ठेवा. चकाकणाऱ्या थर्माकोलच्या ताटलीला पाखरू बुजतं आणि नंतर ती नदीत जाते ते वेगळंच. अर्धा-पाऊण तास बघून दर्भाचा कावळा करून शिवतात, ती शास्त्राने दिलेलीच सोय आहे, कमीपणा नाही. 'इच्छा राहिली होती' असं म्हणत घरच्या बायकांकडून एकेक वचन वदवून घेण्याचा जो प्रकार चालतो, तो मात्र विधीत कुठेही नाही.

मृदंग_नगर

वर सगळं आलंय, फक्त वाजवणाऱ्यांचं राहिलं. घाटावर सकाळचं ऊन आणि वारा, दोन्ही पखवाजाच्या मुळावर येतात. धुमेला, म्हणजे डाव्या खर्जाच्या पुडीला, लावलेली कणीक अर्ध्या तासात सुकते, कडेने सुटते, आणि खर्ज जाऊन नुसता ठणठणाट उरतो. ओलं फडकं जवळ ठेवा, गजर नसेल तेव्हा धुमेवर टाका. कणीक सैलसर मळलेली हवी, पोळीच्या कणकेपेक्षा थोडी जास्त ओली.

वीणा जमिनीवर टेकवू नका. घाटावर हे हमखास होतं. वीणेकरी पिंडाच्या दर्शनाला जातो आणि वीणा पायरीवर ठेवतो. आधीच दुसरा माणूस नेमून द्या.

कोरा_कागद

विषय निघालाच आहे तर. 'भुके नाही अन्न, मेल्यावरी पिंडदान' हाही तुकोबांचाच अभंग ना? पुढे 'हे तो चाळवाचाळवी, केले आपणचि जेवी' असंही आहे. कीर्तनात हे प्रमाण द्यायचं आणि घाटावर पिंड मांडायचे, हा दुटप्पीपणा नाही का?

गाडगेबाबांकडे बघा. कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची तार आली, 'मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी' म्हणून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवलं. जन्मभर सांगितलं की कर्ज काढून दिवस-तेराव्याची जेवणं घालू नका, जिवंतपणी आईबापाला भाकरी द्या. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गेले. असा कीर्तनकार आपल्याकडे होऊन गेला आणि आपण अजून दर्भाच्या कावळ्यावर चर्चा करतोय. गोडजेवणाचा खर्च किती येणार आहे, तेही समितीने इथे लिहावं.

सप्ताह_समिती

जेवण साधंच आहे. पिठलं-भात आणि गोड म्हणून लापशी. कर्ज नाही. पंगत फक्त बाहेरगावच्यांची.

निरूपण

@कोरा_कागद, अभंग बरोबर दिलात, पण गाथ्यात त्याच्या जोडीला दुसरा वाचा. 'पिंड पदावरी, दिला आपुलिये करी. माझे झाले गयावर्जन, फिटले पितरांचे ऋण.' इथे पिंड भाताचा नाही, पिंड म्हणजे देह. स्वतःचा देह स्वतःच्या हाताने विठ्ठलाच्या पायावर ठेवला, गयेचं काम झालं, पितरांचं देणं फिटलं. म्हणजे तुकोबांनी पिंडदान टाकून दिलं नाही, त्याचा अर्थच फिरवला. पहिल्या अभंगात ढोंगावर कोरडा ओढलाय, जित्यापणी उपाशी ठेवून मेल्यावर वाढणाऱ्यावर. दुसऱ्यात पितरांचं ऋण मान्य केलंय, फेडायची रीत बदललीय. दोन्ही एकाच माणसाचे आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत.

मला विचाराल तर वारकऱ्यांनी मरणोत्तर काय याचा एकच पक्का हिशोब कधी मांडलाच नाही. घाटाचा हिशोब वेगळा, तो बारा दिवसांचा, पायरीपायरीने जाणारा. कीर्तनाचा वेगळा, त्यात माणूस केव्हाच घरी पोचलेला. आणि तिसरा त्याहून अवघड, तो तर आपण रोज कीर्तनाच्या शेवटी म्हणतो आणि ऐकत नाही. 'न लगे मुक्ती धनसंपदा, संतसंग देई सदा. तुका म्हणे गर्भवासी, सुखे घालावे आम्हांसी.' मुक्ती नको, पुन्हा जन्माला घाल, फक्त संतांची संगत दे. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चारही मुक्ती ओलांडून हा माणूस परत येण्याचं मागणं मागतोय. आता सांगा, महाराज वैकुंठात आहेत, पितरांत आहेत, की पुढच्या वारीला कुठल्यातरी पाळण्यात? तीनही उत्तरं आपल्याकडे चालू आहेत. दहाव्याचं प्रवचन हे पहिल्या दोघांना एका सकाळी, एका घाटावर शेजारी बसवतं. एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला वक्ता. चांगला वक्ता पिंडाची टिंगल करत नाही आणि गुरुजी गजराला नाव ठेवत नाहीत.

मंगळवेढा_रोड

व्हेंटिलेटरच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

ही बोच गीतेच्या आठव्या अध्यायातून येते. पाचव्या श्लोकात अंतकाळी माझं स्मरण करत देह सोडणारा मला येऊन मिळतो, सहाव्यात जो भाव आठवत जीव जातो तोच पुढे मिळतो. भरत राजाला मरताना हरणाचं पाडस आठवलं आणि तो हरीण झाला, ही कथा प्रत्येक सप्ताहात एकदा तरी येते. लोक इथेच थांबतात. सातवा श्लोक 'तस्मात्' ने सुरू होतो. तस्मात् सर्वेषु कालेषु मामनुस्मर. म्हणून सगळ्या काळी स्मर. सगळा जोर शेवटच्या घटकेवर असता तर हा 'म्हणून' आलाच नसता. शेवटचा क्षण कुणाच्या हातात नाही, हे गृहीत धरूनच ते सांगितलंय. जन्मभराची सवय हीच शेवटी उपयोगी पडते, मग जीभ हलो न हलो.

याला परंपरेतला दाखला चोखोबांचा. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू होतं, वेठीला धरलेले मजूर, भिंत कोसळली, चोखोबा खाली गाडले गेले. माती उपसायला गेले तोवर फक्त हाडं, कोणाची कोणती कळेना. नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेगळी काढली. पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीपुढे, त्यांची समाधी आहे. या कथेत एक गोष्ट मुद्दाम बघण्यासारखी आहे. मरताना चोखोबांच्या तोंडी नाम होतं की नव्हतं, याची कुणी चौकशीच करत नाही. ढिगाऱ्याखाली कोण काय ऐकणार? नाम ओठांवरून हाडांत गेलेलं होतं. पाच दिवस नळी घशात असलेल्या माणसाच्या घरच्यांना सांगायला याहून नेमकं काही मला तरी माहीत नाही. प्रवचनकारांना हा दाखला द्यायला सांगा. पण महाराजांच्या नळीचा, रुग्णालयाचा उल्लेख न करता. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

दक्षिणायनाचं तर सोडूनच द्या. ज्ञानोबांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. सोपानकाकांची सासवडला, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. मकरसंक्रांत पौषात येते, म्हणजे दोन्ही दक्षिणायनात. भीष्म उत्तरायणाची वाट बघत राहिले म्हणून सगळ्यांनी बघावी असं नाही.

तिथीवाला

पुढच्या वर्षीची एक चूक आत्ताच टाळून ठेवा. पुण्यतिथी तिथीने करणार असाल तर आजच पंचांग काढून तिथी लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. प्राण संध्याकाळी किंवा रात्री गेला असेल तर तोवर पुढची तिथी लागलेली असू शकते. निधनाची तिथी ही प्राण गेला त्या वेळेची. दाखल्यावरची वेळ घ्या, तिथी किती वाजेपर्यंत होती ते पंचांगात बघा, आणि महिना, पक्ष, तिथी असं तिन्ही लिहा. नुसतं 'एकादशीला गेले' असं लिहून ठेवलं की पाच वर्षांनी शुद्ध की वद्य यावर भांडणं होतात.

वर्षश्राद्धाला सप्ताह घालणार असाल तर सांगता काल्याच्या कीर्तनाने, आणि काल्याला अभंग बाळक्रीडेचाच. तिथे श्रद्धांजलीचा सूर लावायचा नसतो. महाराजांचं स्मरण आदल्या रात्रीच्या कीर्तनात उरकून घ्या. काल्याच्या दिवशी हंडी, दही, लाह्या.

जाता जाता, वेळ पाळण्याचं उदाहरण हवं असेल तर मोझरीला बघा. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. आजही पुण्यतिथीला बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी उभी राहून मौन पाळतात. भाषण कुणाचंही चालू असो, त्या मिनिटाला बंद. देहूला तुकाराम बीजेच्या दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी नांदुरकीच्या झाडाखाली फुलं पडतात, तेही तसंच. ही शिस्त तुमच्या श्रद्धांजलीच्या भाषणांना लावता आली तर बघा.

नांदेडकर

पत्रिकेवरून एक भर. शब्द बदलला की मरणाची कल्पनाच बदलते. लिंगायत 'लिंगैक्य' लिहितात, देह बसवून पुरतात, इष्टलिंग तळहातावर, आणि सूतक मानत नाहीत. संन्याशाला 'ब्रह्मीभूत'. ख्रिस्ती मराठी पत्रिकेत 'ख्रिस्तवासी', मुसलमानांसाठी मराठी वर्तमानपत्रं 'पैगंबरवासी' लिहितात. महानुभाव तर देवतांच्या स्वर्गालाच तात्पुरतं म्हणतात, खरा मोक्ष परमेश्वराकडे. त्यामुळे छापखानेवाल्याला 'वै.' असं स्पष्ट लिहून द्या. त्याच्याकडे तयार चौकटीत 'कै.' असतं आणि तेच छापून येतं.

सप्ताह_समिती

ठरलं ते लिहितो. पत्रिकेवर 'वै. ह.भ.प.' छापायचं. पिंड सात वाजता, भोंगा न लावता. कावळा शिवेपर्यंत किंवा पावणेआठपर्यंत नुसतं तोंडाने 'रामकृष्णहरी', टाळ नाही. आठ ते पावणेनऊ प्रवचन, अभंग 'आम्ही वैकुंठवासी', चोखोबांचा दाखला वक्त्यांना कळवला आहे. श्रद्धांजलीला तिघेच, प्रत्येकी तीन मिनिटं. चौथा माईककडे आला तर गजर सुरू करायचा, असं टाळकऱ्यांना सांगून ठेवलंय. तिथी पंचांगावरून काढली, कॅलेंडरपेक्षा एक दिवस पुढचीच निघाली.

मृदंग_नगर

मग गजरासाठी पखवाज लावूनच बसवा, ऐन वेळी सूर मिळवत बसायला वेळ मिळणार नाही. आणि कणीक घरून मळून न्या. घाटावर पाणी मिळतं, पीठ मिळत नाही, आणि पिंडाच्या पिठाला हात लावलात तर गुरुजी ओरडतील.